यादीत नाव एकदाच

(शब्बाथशाळेचे शिक्षक व तरुणसंघ यांच्यासाठी अभ्यासलेख. वाचन : प्रेषितांची कृत्ये 6:1-6, लूक 2:1-5)

निवडणुकीतील सुधारणा हा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांस वाटेल. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे आम्ही येथे सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडून आपण एवढे तरी पाहू या की, आरंभीच्या मंडळीत सात जणांची निवड करण्याची वेळ का आली.

यरुशलेमेतील मंडळीत गरजू विधवांना रोजची वाटणी होत असे. त्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर यादीतून काही नावे गळत होती, आणि ती नावे दुसरी भाषा बोलणाऱ्यांची होती. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सगळा समुदाय एकत्र बोलाविला, कोणते गुण पाहून माणसे निवडावी ते सांगितले आणि निवड समुदायाच्या हाती दिली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, याकडे शिक्षकांनी मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडेच वाटणीचे काम सोपविण्याइतके मोठे मन त्या समुदायाने दाखविले.

हा भाग आम्ही नेरडीगोंडा येथे काही शिक्षकांबरोबर वाचला. नेरडीगोंडा हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील गाव, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे. कुंतला धबधब्याला जाणारे प्रवासी त्याला ओळखतात. विधानसभेसाठी ते बोथ मतदारसंघात येते आणि लोकसभेसाठी आदिलाबादमध्ये. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत पुन्हा तेलुगू, असे येथल्या अनेक घरांचे चालते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची गोष्ट या वर्गाला समजावून सांगावी लागली नाही. उलट आम्ही पुढे जाण्याआधीच एका शिक्षकाने विचारले, “केरामेरीच्या डोंगरात आमचे सोयरे राहतात. त्यांची नावे दोन राज्यांच्या यादीत आहेत. ते दोन्हीकडे मत देतात. आम्ही मुलांना खरेपणाचा पाठ शिकवतो, तर त्यांना काय म्हणावे?”

त्या दिवशी आम्ही नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

प्रथम ती जागा समजून घ्यावी. नेरडीगोंड्याहून पूर्वेस उटनूर, जैनूर ओलांडून गेले की केरामेरीचा घाट लागतो. तेथून उत्तरेस, महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि तेलंगणाच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल यांच्या सीमेवर 14 गावे आहेत : परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार इत्यादी. या गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली. मराठवाड्यातून पोटासाठी येऊन वसलेली मराठी बोलणारी माणसे, बंजारा आणि गोंड यांची ही वस्ती. येथे ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, शाळा दोन (एक मराठी, एक तेलुगू), रेशनकार्डे दोन आणि मतदार ओळखपत्रेही दोन. लोकसभेला ही गावे एकदा चंद्रपूर मतदारसंघात मोजली जातात आणि एकदा आदिलाबादमध्ये, म्हणजे नेरडीगोंड्याच्याच मतदारसंघात.

हे कसे झाले, याचे मूळ 1956 सालात आहे. त्यापूर्वी हा सगळा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचेच भाग होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि हे दोन तालुके मराठी मुलखाकडे आले. जिवती तालुका पुढे राजुऱ्यातूनच निघाला. जिल्ह्यातल्या तालुक्यांमधील आतली हद्द एका रात्रीत राज्याची सीमा झाली. गुरे चारणाऱ्याला ती हद्द कोठे आहे हे पूर्वी माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि जंगलात तिची खूण कोणी स्पष्ट करून ठेवली नव्हती. 2014 मध्ये तेलंगण वेगळे झाले, 2016 मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पण या गावांचा प्रश्न जुन्याच जागी राहिला. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ही 14 गावे पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया हाती घेतल्याचे जाहीर केले. सीमा बदलण्याचा अधिकार मात्र संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा आहे.

आता तारखा पाहा. 30 नोव्हेंबर 2023 रोजी तेलंगण विधानसभेचे मतदान झाले. 19 एप्रिल 2024 रोजी चंद्रपूर लोकसभेचे. 13 मे 2024 रोजी आदिलाबाद लोकसभेचे. 20 नोव्हेंबर 2024 रोजी महाराष्ट्र विधानसभेचे. एका वर्षाच्या आत चार वेळा या गावांच्या दारात मतपेटी आली. एकाच लोकसभेसाठी दोन मतदानांत 24 दिवसांचे अंतर होते, आणि दोन्ही वेळी या गावांतील लोकांनी मतदान केल्याच्या बातम्या आल्या. त्यात चोरीछुपी नव्हती. निवडणुकीचे कर्मचारी दोन्हीकडून येत, केंद्रे दोन्हीकडची उघडत, उमेदवारांची माणसेही दोन्हीकडून येत.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सतरावे कलम सांगते की, कोणाही माणसाचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असू नये. 1951 च्या कायद्याचे बासष्टावे कलम त्याहून कडक आहे : एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत कोणी मत दिले, तर त्याची दोन्ही मते रद्द ठरतात. दुसरे तेवढे रद्द आणि पहिले शाबूत, असे नाही. म्हणजे आपले वजन दुप्पट झाले असे ज्याला वाटते, त्याचे वजन कायद्याच्या तराजूत शून्य भरते. आणि त्या एका जास्तीच्या मताने आदिलाबाद मतदारसंघातील दुसऱ्या कोणाचे तरी मत हलके होते. नेरडीगोंड्यातील आपली विधवा बहीण उन्हात रांगेत उभी राहून जे एक मत देते, तेही त्यात आले.

येथपर्यंत वाचून एखादा शिक्षक म्हणेल, मग उत्तर सोपे आहे. हे खोटे आहे, असे मुलांना सांगावे. आम्हांला ते इतके सोपे वाटत नाही. त्या गावातील माणसाला यादीतील नाव हे केवळ मत देण्याचा अधिकार नाही. ते तो तेथला आहे याचा पुरावा आहे. अनेकांच्या शेतजमिनीचे पट्टे त्यांच्या नावे झालेले नाहीत. पिढी-दीड पिढी कसलेली जमीन कागदावर आपली नाही, अशा स्थितीत माणूस हाती येईल तो कागद जपून ठेवतो. ज्या राज्याच्या यादीतून नाव काढावे, त्या राज्याचे धान्य, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि जमिनीवरचा दावा हेही हातचे जाईल ही भीती त्याला आहे. उद्या गाव कोणाकडे जाणार हे सरकारांनाच जेथे ठरवता आले नाही, तेथे एका कुळाने आजच ठरवून एक कागद फाडावा, असे आपण पक्क्या घरात बसून सांगणे बरे नव्हे.

म्हणून दोष कोठे धरावा? आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलांपुढे त्या दोन्ही ठेवाव्या. दोनदा मत देणे हे चूक आहे. तेथे सबब चालत नाही, कारण दोन याद्यांत नाव असूनही मत एकदाच देणे प्रत्येकाच्या हाती आहे. परंतु दोन याद्यांत नाव असणे हा त्या माणसाच्या आधी दोन सरकारांचा दोष आहे. नाव घालणारा अधिकारी घरी आला आणि त्याने विचारले म्हणून नाव सांगितले गेले. लूककृत शुभवर्तमानात कैसराची आज्ञा झाली तेव्हा योसेफाला नावनिशी लिहून देण्यासाठी बेथलेहेमास जावे लागले. त्या परकी सत्तेलासुद्धा एका माणसासाठी एकच गाव पुरेसे वाटले!

आता देशभर चर्चेत असलेल्या सुधारणांकडे वळू. वाचकांनी प्रत्येक सूचना या 14 गावांत नेऊन पाहावी. पुष्कळ गोष्टी तेथे आपोआप स्पष्ट होतात.

सर्वांत मोठा गाजावाजा आहे तो सगळ्या निवडणुका एकत्र घेण्याचा. ही कल्पना नवी नाही. 1951-52 पासून 1967 पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका बहुतेक एकत्रच झाल्या. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने 14 मार्च 2024 रोजी आपला अहवाल दिला, आणि 17 डिसेंबर 2024 रोजी त्यासाठी घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त संसदीय समितीकडे गेले. खर्च वाचेल, शिक्षक वारंवार शाळेबाहेर काढले जाणार नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगतात. राज्याचे प्रश्न देशाच्या घोषणांत बुडून जातील, हे विरुद्ध बाजूने. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण आपल्या गावांपुरते पाहा : 11 एप्रिल 2019 रोजी चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान एकाच दिवशी होते. बोट एक, शाई एक, दिवस एक. तरीही दोन याद्यांतली दोन नावे त्यानंतर तशीच राहिली आणि 2023-24 मध्ये पुन्हा उपयोगात आली. तारीख एक केल्याने यादी एक होत नाही.

त्याच समितीची दुसरी एक शिफारस आहे, तिच्याकडे वर्तमानपत्रांचे कमी लक्ष गेले. लोकसभा, विधानसभा आणि ग्रामपंचायत-नगरपालिका या सर्वांसाठी मतदारयादी एकच असावी, असे तिने सुचविले आहे. आम्हांला ही सूचना पहिलीहून अधिक मोलाची वाटते.

यंत्राविषयी थोडक्यात. मतदानयंत्र प्रथम 1982 साली केरळातील परूर येथे काही केंद्रांवर वापरले गेले, 2004 पासून लोकसभेचे सगळे मतदान यंत्रावर होऊ लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी कागदी मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी नाकारली. यंत्र टाकलेले मत मोजते. ते टाकणारा कोण आणि कितव्यांदा आला हे त्याला कळत नाही. पैशाच्या प्रश्नावर, म्हणजे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत घातलेली 95 लाख रुपयांची मर्यादा कागदावर पाळली जाते की खरोखर, यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

आधारक्रमांक मतदारयादीला जोडण्याची सोय डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने झाली. ती ऐच्छिक ठेवली आहे. तिने दुबार नावे सापडतील हे खरे. पण सापडलेल्या दोन नावांपैकी कोणते काढावे, हे आकडा सांगू शकत नाही. ते ठरवावयास माणसाकडे जाऊन विचारावे लागेल, आणि त्या माणसाला आपले गाव कोणत्या राज्यात आहे याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

यादी स्वच्छ करण्याच्या कामाला दुसरी बाजूही आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगण्याऐवजी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. अशा नोंदी यादीत राहू द्यावयाच्या नाहीत असे ठरले आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गळाली. कडकपणा योग्य होता असे पुष्कळ जण म्हणतात, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत स्त्रिया स्वतःचे नाव सांगू लागल्या. तरी त्या वेळी 28 लाख जणींचे मत बुडाले ते बुडालेच. अलीकडे 2025 साली बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे 65 लाख नावे नव्हती. वारलेले, स्थलांतरित, दुबार अशी कारणे सांगण्यात आली; आणि 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा. आम्हांला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. नाव काढणाऱ्याने कारण लिहून द्यावे आणि ज्याचे नाव गेले त्याला ते वाचता यावे, ही सुधारणा वरवर लहान दिसते, पण ग्रीक बोलणाऱ्या विधवांना नेमके तेच हवे होते.

या संदर्भात एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. सासवडला जन्मलेले न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली जयप्रकाश नारायण यांनी 1974 साली निवडणूक सुधारणेसाठी समिती नेमली. तिचा अहवाल 1975 मध्ये आला. सरकारने न नेमलेली ही नागरिकांची समिती होती. मतदानाचे वय 18 करावे आणि निवडणूक आयोग एका माणसाचा न ठेवता अनेकांचा करावा, असे तिने सांगितले. वयाची गोष्ट 1989 साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने झाली, तीन सदस्यांचा आयोग 1993 पासून कायम झाला. आयुक्त कोणी निवडावे हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती सांगितली, तर त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री घातला. ज्याच्या हाती यादी त्याची नेमणूक कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच सामान्य माणसाचाही आहे.

मग या 14 गावांसाठी कोणती सुधारणा मागावी? आमचे मत असे की, क्रम बदलला पाहिजे. आधी संसदेने आणि दोन्ही राज्यांनी सीमा ठरवावी. त्याबरोबरच लेखी द्यावे की, एका राज्याच्या यादीतून नाव कमी झाल्यामुळे कोणाचेही धान्य, पेन्शन किंवा कसत्या जमिनीवरचा दावा बुडणार नाही. जे राज्य गाव घेईल ते या जबाबदाऱ्याही घेईल. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी, एकत्र घरोघर जाऊन एक यादी करावी. नाव आधी कापून भाकरीचे मागाहून पाहू, असे झाले तर लोक नावे लपवतील, आणि त्यांना दोष देणे कठीण होईल.

आपल्या मंडळीत ही रीत आपण पाळतोच. एखादे कुटुंब आदिलाबादहून नांदेडला गेले तर पाळकसाहेब बदलीचे पत्र देतात. तिकडच्या मंडळीने नाव पटावर घेतले म्हणजे इकडचे कमी होते. मधल्या काळात ते कुटुंब कोणत्याच पटावर नाही, असे होऊ देत नाहीत. अर्थात सगळीकडे हे नीट होते असा आमचा दावा नाही. पंचांच्या निवडणुकीच्या दिवशी वर्षानुवर्षे न दिसलेले सभासद बसने आणलेले आम्ही पाहिले आहेत, आणि पटावरील मृतांची संख्या पाहून खजीलही झालो आहोत. केरामेरीच्या सोयऱ्यांविषयी बोलताना आपल्या मंडळीचा पटही वर्गात एकदा वाचावा.

शिक्षकांना आम्ही एक घरचा अभ्यास सुचवितो. प्रत्येकाने आपल्या घरची मतदारयादीतील नावे उतरवून आणावी. नवे नाव घालण्यासाठी नमुना 6, वारलेल्याचे किंवा दुबार नाव काढण्यासाठी नमुना 7, पत्ता बदलला असेल अथवा नाव चुकीचे लिहिले असेल तर नमुना 8. मराठी आडनाव तेलुगूत आणि तेथून इंग्रजीत जाताना पुष्कळदा ओळखू येईनासे होते, तेव्हा तेही तपासावे. वर्षात 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आता अठरा वर्षे मोजण्यासाठी धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच देता येतो. तरुणसंघाने याची नोंद घ्यावी. चौकशी 1950 या क्रमांकावर करता येते.

नेरडीगोंड्याच्या वर्गाने हा अभ्यास केला. एका शिक्षिकेच्या घरी दोन नावे जास्त निघाली : चार वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांचे, आणि नांदेडला दिलेल्या नणंदेचे. सासऱ्यांसाठी तिने नमुना 7 भरला. बीएलओने तो घेतला. नणंदेला पत्र लिहिले की, तुम्ही तिकडे नमुना 8 भरा, म्हणजे नाव तिकडे जाईल. नणंदेचे उत्तर आले. तिने होकार दिला होता, पण खाली एक प्रश्न होता : यादीतले नाव हलविले तर वडिलांच्या घरावरचा माझा हक्क जाईल काय?

मतदारयादी आणि वारसाहक्क यांचा कायद्यात काही संबंध नाही, हे आम्ही शिक्षिकेला सांगितले. ते लेखी द्याल का, असे तिने विचारले, आणि आम्ही तेथेच कागद मागून घेतला.